नुसत्या हाताचा फोटो

नोकरी लागली तेव्हा तिला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली: पत्ता लिहायचा नाही. वहीत नाही, फोनमध्ये नाही, तळहातावर तर नाहीच नाही.

संस्थेचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं. त्याला पाटी होती, पाटीवर फोन नंबर होता. पण जिथे नवऱ्याच्या मारातून निसटून आलेल्या बायका राहायच्या, त्या जागेला सगळे नुसतं 'घर' म्हणायचे आणि घराची वाट पायांनीच पाठ करायची. संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी तिला तीन दिवस तीन वेगळ्या रस्त्यांनी तिकडे नेलं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "आता तू पुढे हो. मी मागून येते. चुकलीस तर मी बोलणार नाही हं."

ती चुकली नाही. चार महिने झाले, एकदाही नाही.

तिला सगळे 'नवी' म्हणत. तिच्या आधीची मुलगीही नवीच होती. नवीने फोन घ्यायचे, पाकिटं चिकटवायची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बसने घरी जाऊन बायकांना काय हवं-नको ते बघायचं, आणि तीन महिन्यांतून एकदा देणगीदारांना जाणारं वार्तापत्र तयार करायचं. सहा महिने अशा नवेपणात काढले की नोकरी पक्की.

"एवढी शिकलीस आणि पाकिटं चिकटवतेस?" आई म्हणायची. "लोकांचे संसार सांभाळायला निघाली, स्वतःची उशी उचलून ठेवत नाही."

वार्तापत्रात फोटो लागतो. चेहरा छापायचा नाही, हा घराचा नियम. मग उरतात ते हात. अशा सगळ्या संस्थांची पत्रकं बघा, हातांनीच भरलेली असतात. नवीही कॅमेरा घेऊन शिवणाच्या खोलीत गेली.

खिडकीपाशी काजवाली बसली होती. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. हाताने बटणांची काजं करावीत तर तिनेच, म्हणून ती काजवाली. मशीनवरचं काज तिच्या काजापुढे फाटल्यासारखं दिसायचं. नवी तिला ताई म्हणे, तीही नवीला ताई म्हणे. वयात पंधरा वर्षांचं अंतर, पण घरात सगळ्याच ताया. काम करताना ती आपल्याशीच गुणगुणायची, स्वतःच जुळवलेलं:

सुई पुढं पुढं, दोरा तिच्या मागं जाई
मागं वळून बघाया, सुईला गं मान नाही.

"फोटो काढू, ताई? नुसत्या हाताचा?"

"चेहरा नको हं."

"छे. फक्त हात."

"मग काढा की. हाताला कुठे नाव असतं?"

फोटो सुरेख आला. पांढऱ्या कापडावर उन्हाची तिरपी पट्टी, सुई धरलेला उजवा हात, आणि कापड ताणून धरलेला डावा. मोठ्या बाई म्हणाल्या, "नवी, तुला नजर आहे." तो मुखपृष्ठावर गेला. दोनशे प्रती टपालात पडल्या.

शुक्रवारी ती दहा प्रती घेऊन घरी गेली. बायकांचा गराडा पडला. "अगंबाई, तुझा हात हिरॉइन झाला!" "आता सही द्यायला बस!" काजवालीने अंक हातात घेतला, हसत हसत घेतला, आणि मग तिचं हसू पाणी मुरावं तसं मुरून गेलं.

"ताई," ती म्हणाली, "करंगळी."

डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली होती. नवीने ती दर खेपेला पाहिली होती. फोटोतही पाहिली होती. वाकडी आहे, बरी दिसते, असंच तिला वाटलं होतं.

"कपाटाच्या दारात धरली होती त्यानं. आणि डॉक्टरकडे गेलं तर प्रश्न विचारतील म्हणून हाड स्वतःच बसवलं. मी ओरडू नये म्हणून तोंडात टॉवेल दिला. वाकडं बसलं." ती अगदी हळू बोलत होती, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "हे त्याचं काम आहे, ताई. माणूस आपलं काम ओळखतो."

नवीने तिच्या हातातला अंक काढून घेतला. "पण अंक फक्त देणगीदारांना..."

"मीच काढा म्हटलं. तुम्ही नका जिवाला लावून घेऊ. मलाच कुठे सुचलं?"

"दिसतो कसा तो?"

"कसा दिसणार? सभ्य. इस्त्रीचा शर्ट. बोलण्याआधी दोनदा खाकरतो. आवाज कधी चढवत नाही. शेजारी म्हणायचे, नशीब काढलंस बाई."

मोठ्या बाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. दोनशे देणगीदारांत तो असणं शक्य नाही, म्हणाल्या. उरलेल्या प्रती कपाटात गेल्या. काजवालीला पुढच्या महिन्यापासून एका मोठ्या शिंप्याकडे काम मिळणार होतं. ते ठरल्याप्रमाणे होईल, म्हणाल्या. नवीला जरा धीर आला. तो संध्याकाळपर्यंत टिकला.

"अगं, तुझ्या फोटोनं धमाल केलीय!" दार उघडताच आई म्हणाली. "तू आणलेल्या अंकावरून काढला, खाली माझा नंबर घातला आणि आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. तळमजल्यावरच्या काकूंनी पुढे टाकला, त्यांच्या भाचीनं आणखी कुठे. आज एका गृहस्थांचा फोन आला. इतकं गोड बोलणं! आधी बिचारे खाकरले, मग म्हणाले, एवढी कला असलेली मुलगी आहे तरी कोण?"

नवी चप्पल काढता काढता थांबली. "तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? माझी लेक म्हटलं. त्या चष्म्याच्या दुकानावर ऑफिस आहे. मंगळवारी-शुक्रवारी दुपारी बसनं जाते त्या बायकांकडे. कुठे ते मला तरी कुठे सांगतेस? तुझा निळ्या ड्रेसमधला फोटो पाठवला. कॅमेरा गळ्यात असलेला." आईचा चेहरा उजळला होता. "अशी काय बघतेस? कौतुकच केलं ना?"

नवी चप्पल काढून आत गेली. त्या उजळलेल्या चेहऱ्यावर कुठून फुंकर मारायची?

सोमवारी मोठ्या बाईंच्या टेबलापाशी ती तीनदा गेली. एकदा पाकिटांचं विचारलं, एकदा टाचण्यांचं, तिसऱ्यांदा नुसतीच उभी राहिली. "काय गं, भूत बघितलंस?" बाई म्हणाल्या. "नाही, काही नाही," ती म्हणाली. नोकरी पक्की व्हायला दोन महिने होते. आणि कदाचित दुसराच कुणी असेल. जगात खाकरणारी माणसं का कमी आहेत?

मंगळवारी ती बसमध्ये चढली आणि चौथ्या थांब्यानंतर तिला मागून आवाज आला. दोनदा. घसा साफ केल्यासारखा.

तिने मान वळवली नाही. खिडकीच्या काचेत बघितलं. तीन बाकं मागे, कोपऱ्यात, पांढऱ्या शर्टाची कडक कॉलर. माणूस तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या मांडीवरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे बघत होता. तिने पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळला. घराचा थांबा आला. वाहकाने ओळखीचं हसून घंटी मारली. ती उठली नाही. "काय ताई, आज पुढे?" त्याने विचारलं. "हो, पुढे," ती म्हणाली आणि तो आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथे एक मोठी शेड, सहा बाकं, चौकशीची खिडकी, नाणं टाकायचा वजनाचा काटा. ती खिडकीजवळच्या बाकावर बसली. तो समोरच्या बाकावर येऊन बसला. गुडघ्यावर गुडघा ठेवला. शर्टाच्या बाहीवरची घडी सुरीसारखी धारदार होती.

खाकरला. "तुम्ही फोटो काढता ना? फार छान आलाय हात."

तिने कॅमेऱ्याची पिशवी जवळ ओढली.

"घाबरू नका. मी काही वाईट माणूस नाही. तुमच्या आई फार साध्या आहेत, फार प्रेमळ. मला फक्त माझं माणूस घरी न्यायचंय." त्याने हात मांडीवर व्यवस्थित ठेवले. "तुम्ही जा तुमच्या कामाला. मला घाई नाही."

ती उठून चौकशीच्या खिडकीपाशी गेली, कारण तिथे माणूस होता. "पुढची बस कधी आहे?"

"कुठली?" आतला कारकून डबा खात होता.

"कुठलीही."

"बाई, आधी कुठे जायचं ते ठरवा, मग मला विचारा." तो हसला, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याचा घास तसाच राहिला. "बरं नाही का वाटत? इथे बसा, खिडकीला लागून. पाणी देऊ?"

तिथूनच तिने मोठ्या बाईंना फोन लावला. भिंतीकडे तोंड करून, कुजबुजत, सगळं सांगितलं: आई, ग्रुप, निळा ड्रेस, शुक्रवार, सोमवार. सोमवारपाशी आल्यावर, बाई आता रागावतील म्हणून ती थांबली. त्या एवढंच म्हणाल्या, "तो आत्ता तुझ्यासमोर आहे?"

"हो."

"मग ऐक. तो तुझ्यासमोर आहे तोवर घराच्या दाराशी नाही. तिला दुसऱ्या गावी हलवायचं. गाडी यायला, निघायला, शहराबाहेर पडायला चाळीस मिनिटं. संस्थेच्या वकीलकाकांना तुझ्याकडे पाठवते. ते येईपर्यंत तू तिथून हलायचं नाहीस. त्याला तिथेच ठेवायचं. जमेल?"

जमेल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. "जमेल," ती म्हणाली.

मग ती बाकावर बसली. बसण्याएवढं सोपं काम जगात नाही, आणि तेच तिला जमवायचं होतं. बस यायची, तो तिच्याकडे बघायचा, ती उठल्यासारखं करायची, तोही सावरून बसायचा, आणि ती पुन्हा टेकायची. दहा मिनिटं. एक म्हातारा वजन करून गेला, आकडा न पटून पुन्हा चढला. वीस मिनिटं. कारकून तिच्याकडे अधूनमधून बघत होता, डबा कधीच धुऊन झाला होता. तिला शिंक आली तरी तिने ती गिळली. पदरात निखारा घेऊन बसावं तशी बसली ती, तो खाली पडू नये एवढीच काळजी घेत. तीस मिनिटं. चाळीस होत आली. तो खाकरला. "तुम्ही मला खेळवताय का, बाळ?"

बाळ म्हणाला.

"मी... वाट बघतेय."

"कुणाची?"

फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने उचलला आणि पलीकडून गाडीचा घरघराट ऐकू आला, आणि मग तो हळू, ओळखीचा आवाज. "ताई, मी."

नवीने त्याच्याकडे बघितलं. "हां, आई," ती म्हणाली. "बोल."

पलीकडे क्षणभर नुसती गाडी. मग काजवाली समजली. "जवळ आहे का तो?"

"हो, आई."

"ऐकू जातंय त्याला?"

"हो."

"शर्ट कसाय?"

"इस्त्रीचा."

"कडक?"

"हो, खूप."

काजवालीने श्वास सोडला, त्यात हसल्यासारखं काहीतरी होतं. "म्हणजे इस्त्री करायला शिकला. चटके बसले असतील तेव्हा शिकला." मग तिचा आवाज बदलला. "आम्ही शहराबाहेर पडलो. शिंप्याचं काम गेलं माझं, घरातल्या बायका दुरावल्या, कात्री तिथेच राहिली. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण मी आहे. तू जेवलीस का?"

अहो-जाहो गळून पडलं होतं. "नाही, आई."

"मग जेव. आणि घरी जाऊन तुझ्या आईवर रागावू नकोस. सांग तिला सगळं, पण ओरडू नकोस."

"नाही ओरडणार."

"घाबरलीस?"

नवीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं ते तिने पुसलं नाही. आईशी बोलताना मुली रडतात, त्यात कुणाला काय दिसणार?

"घाबरायचंच, गं. मीही घाबरलेय. गाडीत माझे दात वाजतायत, ड्रायव्हरला वाटतंय थंडी आहे." गाडीचा आवाज तुटू लागला. "आता ऊठ. ऊठ हं, बाळ."

फोन बंद झाला. शेडच्या तोंडाशी वकीलकाकांची धाप लागलेली आकृती दिसली, मागे ऑफिसचा शिपाई. कारकून खिडकी सोडून बाहेर येऊन उभा राहिला होता, का ते त्यालाही नीट ठाऊक नसावं.

समोरचा माणूस खाकरला. "काय म्हणतायत आई?"

"ऊठ म्हणते," ती म्हणाली.

पायांत मुंग्या भरल्या होत्या. तिने खांबाला धरलं आणि ती उठली.