हवा खायला छकडा

"मंग रावणाचा वाडा बगितला का न्हाई?" ठकुबाईनं विचारलं.

"बंद हुता," हाफिज म्हणाला. "नाताळाची सुट्टी."

आळीत कोणी हसलं नाही. नाताळात भोरची कचेरी बंद असते, तर वाडाही असणारच. हाफिज पुण्याच्या एका शेटजींचा मोटार-डायव्हर. शेटजींनी सुट्टीत मोटार आधी रेल्वेत घातली, मग बोटीत घातली आणि जागोजाग तंबू ठोकत, कुटुंबासकट अख्ख्या लंकेला वळसा घातला. हाफिज परत आल्यापासून त्याच्या ओट्यावर रोज संध्याकाळी लंका भरत असे.

शेजारच्या ओट्यावर कुंडलिक गाडीवान बैलांच्या शिंगांना तेल चोळत बसे. शिंगं आरशासारखी झाली होती, तरी चोळे. मोटारी आल्यापासून त्याच्या छकड्याला उतारू मिळेनात. हल्ली तो वाळू वाहायचा. वाळू मोटारीची तारीफ करत नाही, म्हणून त्याला ती आवडे. लंकेबद्दलही त्याची तक्रार नव्हती. तक्रार एकच होती. त्याची बायको बनाबाई हनुवटीला हात लावून हाफिजच्या दर वाक्याला म्हणायची, "मग?"

कुंडलिक नसरापूरहून आला की ती म्हणायची, "जेवता का?"

भोगीच्या दिवशी सकाळीच त्यानं जाहीर केलं, "आवर. आपुन संक्रांतीला बेटावर जातोय. गाडीनं."

"कंचं बेट?"

"भाटघरच्या पाण्यातलं."

धरण झाल्यापासून तिथं पाण्यात एक टेकडी उरली होती. टेकडीच्या पायथ्याशी बनाबाईचं माहेर होतं, ते आता पाण्याखाली. कुंडलिकाच्या हे ध्यानातही नव्हतं. जवळपास दुसरं बेट नव्हतं, एवढंच.

"अवो, पर बेटावर गाडी कशी जायाची?"

"लंकंवर मोटार कशी गेली?"

 बनाबाईनं तीळ लावून भाकरी थापल्या.

छकडा काठावर सुटा केला. सावळाराम नावाड्याच्या होडीतून एका खेपेला चाकं गेली, एका खेपेला वरचा बसायचा साटा, आणि शेवटच्या खेपेला जू, बनाबाई व भाकरी. दाव्याला धरलेले बैल मागं पोहत आले.

"तकडं काय वाहायचंय?" सावळारामनं विचारलं.

"काय न्हाई. हवा खायची."

"बैलास्नी बी?"

"त्येंची बी सुट्टी हाय."

परवा न्यायला येतो म्हणून सावळाराम गेला. कुंडलिकानं छकडा जोडला आणि सासूचं जुनं लुगडं काठीवर ताणून तंबू केला. बैलांनी बेट एकदा नीट पाहून घेतलं. त्यांना ते पसंत पडलं नसावं. पहाटे दोघं जागेवर नव्हते. पोहून गव्हाणीकडं गेले होते.

कुंडलिक पाण्याकडं बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "हाफिजची मोटार काय अशी पवून घरला गेली नसती."

बनाबाईनं साट्यात पोतं अंथरलं आणि चढून बसली. "चला."

"अगं, बैल…"

"लंकंला आलोय न्हवं?"

तो जुवाखाली शिरला. पाणी थोडं उतरल्यानं काठाला सपाट पट्टा होता. चाकं कुरकुरली, मग फिरू लागली. मागून बनाबाईचा आवाज आला.

"त्या खडकावर आमी शेळ्या राखायचो."

कुंडलिकाला दम लागला होता. तरी त्याच्या तोंडून गेलं, "मग?"

"मग काय. तितं, खाली, आमचा आंबा. त्याच्या पल्याड घर. दारात तुमी बसला हुता, मला बगाया आला तवा. मान वर करंना तुमी."

"मग?"

"आई म्हणली, मुका हाय का काय. म्या म्हणलं, असूंदे."

बेट केवढंसं. तंबू पुन्हा समोर आला. कुंडलिक थांबला. "झाली परदक्षिणा."

बनाबाई पाण्याकडं बघत होती. हनुवटीला हात होता. "मग?" ती म्हणाली.

तो पुन्हा ओढू लागला.

तेवढ्यात होडी आली. निथळते बैल एकटेच दारात उभे दिसल्यावर आळीत रडारड झाली होती, आणि हाफिज सावळारामला घेऊन प्रेतं शोधायला निघाला होता. जुवाखाली कुंडलिक आणि वर बनाबाई बघून सावळाराम होडीतच आडवा पडून हसला. हाफिज हसला नाही.

परतताना तो हळूच म्हणाला, "शेट-शेटानी मागं बसून लंका बगत हुती. म्या निस्ता रस्ता बगितला. आन घरी बायकूला सांगाया बसलो, तर गुलजारबी चुलीकडं उठून जाती."

हाफिज आपल्यावर जळतो आहे, हे कुंडलिकाला कळलं. इतके दिवस हेच हवं होतं. त्यानं खूश व्हायचा प्रयत्न केला, पण नीट जमलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी लंका भरली नाही. हाफिज कुंडलिकाच्या दारात आला.

"छकडा देतूस का रं, एक दिस?"

कुंडलिक बैल सोडायला उठला.

"बैल नगंत," हाफिज म्हणाला.

 कुंडलिक घरात गेला, एक जुनं फडकं चार घड्या करून घेऊन आला.

"डाव्या खांद्याला घे," तो म्हणाला. "तितं टोचतं."