कोठीत कोंडलेला उतार

मित्रांनो, उतार म्हटले की तुम्हाला सायकल सुसाट सोडायची जागा आठवेल. मी तसला नाही. मी लाकडी फळ्यांचा एक जुना उतार आहे. समान हक्क कार्यालयाच्या दारात चार पायऱ्या आहेत. त्यांच्यावर मला टाकले की चाकाची खुर्ची, कुबड्या, बाबागाडी, सगळे सरळ आत जाते.

मला घडवणारा सुतार भारी बडबड्या. रंधा मारताना माझ्याशीच गप्पा मारायचा. कुणाचा पाय घसरू नये म्हणून त्याने माझ्या अंगावर आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि म्हणाला, "तुझ्या पाठीवरून कुणी पडलं तर नाव माझं जाईल, लक्षात ठेव." तेव्हापासून पाठ ताठ ठेवायची मला सवयच लागली.

सुरुवातीचे दिवस काय मजेचे होते! राज्यातल्या कुणालाही घर, नोकरी किंवा शाळेतला प्रवेश नाकारला, आणि तोही केवळ 'तू अमका आहेस' म्हणून, की तो माणूस इथे यायचा. नोंदणीच्या बाई खिडकीत तक्रार लिहून घेत. मग चौकशी विभागाची माणसे दोन्ही बाजूंना खोदून खोदून विचारत. तडजोडीच्या खोलीत दोघांना समोरासमोर बसवत. तिथेही गाडे अडले तर सुनावणी होई, आणि शेवटचा शब्द कार्यालयाच्या वर असलेल्या आयोगाच्या सदस्यांचा. मी दारातच पडलेला, तरी मला सगळे पाठ. येताना पाऊल किती जड असते आणि जाताना किती हलके, हे माझ्याइतके कुणाला कळणार? संचालकसाहेबांनी माझ्या शेजारी उभे राहून फोटोसुद्धा काढून घेतला होता.

मग दृष्ट लागली. मी निम्मी वाट अडवतो, अशी कुरकुर सुरू झाली. साहेब म्हणाले, रोज कशाला हवा? कुणी मागितला की काढू. शिपाईकाकांनी मला जिन्याखालच्या कोठीत उभे केले, कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली. हळूहळू माझ्यापुढे मोडके पंखे आले, रिकामे खोके आले, तीन पायांची एक खुर्चीही आली. मी भिंतीला नाक लावून उभा. ओल अंगात मुरत होती. रस्त्याच्या बाजूला एवढीशी जाळी, तेवढाच उजेड. आज मागतील, उद्या मागतील, अशी वाट पाहून माझे डोळे शिणले. कुणी मागितलेच नाही. साहेब खूश! म्हणजे गरजच नव्हती म्हणायची.

मित्रांनो, का मागितले नाही, सांगू? 'उतार हवा असल्यास येथे कळवावे' अशी सुबक पाटी केली होती. आणि ती लावली होती नोंदणीच्या खिडकीवर. चार पायऱ्या चढून गेल्यावर! खालूनच परत फिरणारी चाके मी जाळीतून ऐकायचो. ओरडावेसे वाटे, पण लाकडाला कुठला आवाज?

एके दुपारी जाळीबाहेर दोघी हुज्जत घालत आल्या. खुर्चीत बसलेली ताई घड्याळे दुरुस्त करायची. अपघातात तिच्या पायांतले बळ गेले, तसे दुकानाच्या मालकाने तिला कामावरून काढले. खुर्ची ढकलत होती तिची नणंद. बोलण्यावरून कळले की तक्रार वर्षाच्या आत द्यावी लागते, आणि आज शेवटचा दिवस. आधी दोनदा येऊन त्या या पायऱ्यांपासूनच परत गेल्या होत्या. ते ऐकून मी आतल्या आत चिरलो.

"वहिनी, हट्ट पुरे. उचलते आणि नेते वर," नणंद म्हणाली.

"मी काय सिमेंटचं पोतं आहे?"

"पोतं निदान गप्प तरी बसतं."

आवाज ऐकून नोंदणीच्या बाई खाली आल्या. पाहताक्षणी त्यांच्या लक्षात आले आणि त्या कोठीकडे धावल्या. पण शिपाईकाका रजेवर आणि किल्ली त्यांच्या खिशात! बाईंनी कुलपावर दगड घातला, दाराला खांदा दिला. खोके माझ्या अंगावर कोसळले. दार काही हलेना. बाहेर चार हातांवर ताई थांबलेली, आत मी, आणि कार्यालय बंद व्हायची वेळ जवळ येत चाललेली.

शेवटी बाई कागद घेऊन फुटपाथवरच बसल्या. मुदत चुकू देणार नाही, म्हणाल्या. ताई सांगत गेली. मालकाचे म्हणणे, गिऱ्हाइकांना हे बरे दिसत नाही.

"अहो, घड्याळं मी हातांनी दुरुस्त करते," ताई म्हणाली, "पायांनी नाही."

लिहून झाले, सही झाली. मला हायसे वाटले. तेवढ्यात ताई म्हणाली, "आता दुसरी लिहा."

"दुसरी? कुणाविरुद्ध?"

"तुमच्या कार्यालयाविरुद्ध."

नवा कागद सरसरला. मग त्यावर पेन खरखरले. नणंद पुटपुटली, "वहिनी, तू म्हणजे ना..."

आपल्याच चुकीची चौकशी आपणच कशी करणार? म्हणून ती तक्रार थेट आयोगाच्या सदस्यांकडे गेली. ते आले आणि त्यांनी पाटी पाहिली. मग शिपाईकाकांनी खाली मान घालून कोठी उघडली. उजेडाने माझे डोळेच दिपले! मला पायऱ्यांवर ठेवून बोल्ट ठोकले, कायमचे.

तडजोडीच्या दिवशी ताई आली. नणंदेने मागून हात लावला, तर तिला म्हणाली, "सोड, मी जाते." तिची चाके माझ्या पट्ट्यांवरून खडखडत वर गेली. मी पाठ अशी ताठ ठेवली की सुताराने पाहायला हवी होती. ती खाली आली तेव्हा मालक मागून येत होता आणि तिच्यासाठी किती उंचीचे टेबल लागेल, ते तिलाच विचारत होता.

मित्रांनो, बोल्टांमुळे मला आता तसूभरही हलता येत नाही. त्याचे मला काही वाटत नाही. फक्त एकच विनंती. 'मिनिटभरच' म्हणून माझ्या तोंडाशी सायकल लावू नका. तेवढ्या मिनिटात कुणीतरी खालूनच परत जाते, आणि मी पुन्हा कोठीत जातो.