तीन सपाट चमचे

मित्रांनो, जरा इकडे बघा. कपडे धुण्याच्या मशीनमागे, भिंतीला पाठ लावून उभा असलेला जुना निळा ड्रम तो मी. माझा एक कान तुटला आहे, झाकण दुसऱ्या कुठल्या तरी ड्रमचं आहे आणि रंग तर केव्हाच उडाला. पण वयाच्या मानाने तब्येत ठणठणीत आहे. साठ लिटर पाणी भरलं तरी एक थेंब गळत नाही.

कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो आणि एका दुकानात बरेच दिवस धूळ खात बसलो. एके दिवशी गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी माझं झाकण उघडून आत नाक खुपसलं आणि दुकानदाराला विचारलं, यात आधी साबण किंवा औषध काही भरलं होतं का? मला माशांच्या टाकीसाठी पाणी ठेवायचं आहे. दुकानदाराने ड्रम कोरा असल्याची शपथ घेतली तेव्हा कुठे माझी निवड झाली. त्यांच्या घरातली छोटी भाची, चिमणी, त्यांना आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो.

आमच्या नळाचं पाणी इतकं क्षारांचं, की बादलीला आठवड्यात पांढरं पूट चढतं. म्हणून आत्या शनिवारी शुद्धीकरणाच्या यंत्राची नळी माझ्यात सोडत. मी भरलो की पांढऱ्या बरणीतली क्षारांची पूड मोजून घालत. वीस लिटरला एक, असे तीन सपाट चमचे. चमचा बोटाने सारखा केल्याशिवाय त्या तो उलटा करत नसत. मग हवेची नळी सोडायची आणि रात्रभर ते पाणी खोलीच्या उबेला मुरू द्यायचं. रविवारी काचेच्या टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून माझ्यातलं भरायचं. "माझ्या ड्रमला कोणी हात लावायचा नाही," असं त्या घरभर बजावून सांगत. तेव्हा मला मूठभर मांस चढायचं.

टाकीत अकरा सोनेरी मासे होते. त्यांतली सगळ्यांत जुनी, बारा वर्षांची, जाडजूड मासोळी म्हणजे बाईसाहेब. आत्या शिवायला बसल्या की ती काचेला तोंड लावून त्यांच्याकडे बघत राहायची.

मग आत्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर घरी येता येणार नव्हतं. जाताना त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे चिमणीच्या बाबांना, सगळं समजावलं आणि पुडीची नवी बरणी हातात दिली. बाईसाहेबांना तुझ्या भरवशावर सोडून जातेय, असंही म्हणाल्या. बाबांनी मान डोलावली.

आता हे बाबा म्हणजे भेसळ पकडणारे इन्स्पेक्टर. वीस वर्षं दुधातलं पाणी आणि पिठातली खडूची भुकटी शोधण्यात गेलेली. शुद्ध पाण्यात पांढरी पूड घालायची, हे त्यांच्या पचनी पडेना. ताईला कोणीतरी गंडवलंय, असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी बरणी फळीवर ठेवून दिली. मला मात्र घासूनपुसून लख्ख केलं आणि नुसतं शुद्ध पाणी भरलं. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. मासे चांगले राहावेत असंच त्यांना मनापासून वाटत होतं. पण अति तेथे माती म्हणतात ना, तसं झालं.

आत्यांचा रोज संध्याकाळी फोन यायचा. पूड घालतोस ना, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असे, "सगळं व्यवस्थित चाललंय, ताई." मी ते ऐकत होतो. मला बोलता आलं असतं तर झाकण उडवून ओरडलो असतो.

दोन रविवार निभावले. तिसऱ्या रविवारनंतर माशांनी पंख अंगाला चिकटवून घेतले. बाईसाहेब तर तळाशी कुशीवर पडून राहिल्या. चिमणीने फळीवरची बरणी उतरवली आणि बाबांसमोर धरली. बरणीचं सील अजून फुटलेलं नव्हतं.

बाबांनी माशांच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला की ते यंत्र घाणीबरोबर पाण्यातले क्षारही काढून टाकतं, आणि त्यांच्यावाचून मासे तग धरत नाहीत. आता घाईने सगळं पाणी बदललंत तर तेही जिवावर बेतेल. थोडं थोडंच घाला. बाबांनी चार दिवस रजा टाकली. मोजून पूड घातली आणि तासातासाने एकेक मग माझ्यातून टाकीत सोडला. दहा मासे सावरले. बाईसाहेब सावरल्या नाहीत. ते विष नव्हतं, पाणीच होतं, पण ते माझ्याच पोटातून गेलं होतं. याची टोचणी मला अजून आहे.

आत्या काठी टेकत घरात आल्या आणि थेट टाकीपाशी गेल्या. त्यांनी मासे मोजले, मग पुन्हा मोजले. बाबा मागेच उभे होते.

"ताई, पूड मी घातलीच नाही. मला ती भेसळ वाटली. तुला फोनवर खोटं सांगितलं."

आत्यांनी काचेवर हात ठेवला.

"पटत नव्हतं तर तसं म्हणायचं होतंस," त्या म्हणाल्या. "मी भांडले असते तुझ्याशी. आणि ती जगली असती रे."

त्यानंतर मला भरायचं काम बाबांनी स्वतःहून मागून घेतलं. शनिवारी ते चमचा भरतात, आत्यांकडे बघतात, आत्या मान हलवतात, मगच पूड पाण्यात पडते.

मित्रांनो, मुक्या जिवाची जबाबदारी घेतलीत तर त्याला काय लागतं ते जाणत्याला विचारा. सांगितलेलं पटलं नाही तर खुशाल वाद घाला, भांडा. पण मनानेच काहीतरी करून वर 'सगळं व्यवस्थित आहे' म्हणू नका. या घरातली भांडणं दोन दिवसांत मिटतात, मी पाहिलेली आहेत. टाकीतली बाईसाहेबांची जागा मात्र अजून रिकामीच आहे.