उखाण्याबाहेरचं नाव

कुमुदनं पुन्हा नंबर लावला आणि फोन कानाशी घट्ट दाबून धरला. पुन्हा तेच. भास्करचा फोन लागत नव्हता.

"टॉवर ही बंद होगा, काकू," काचेपलीकडून देवश्री म्हणाली. अंजुरी रेडिओची सगळी यंत्रं हीच पोरगी सांभाळायची. मराठी तिला पुरतं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत.

"तिथल्या दुसऱ्या कोनाचा तरी लाव."

"सबका लगाया. किसी का नहीं लग रहा."

नुकताच वरच्या गावातून एका शेतकऱ्याचा फोन येऊन गेला होता. तळ्याचा बांध खचतोय, मधून पाणी उसळतंय, फार वेळ टिकायचा नाही. त्या तळ्याखाली नाला आणि नाल्याच्या काठावर, अभनपूरच्या अलीकडे, ती शाळा. पुरानं घरं गेलेली माणसं 'अंजुरी' संस्थेनं त्या शाळेत ठेवली होती. बायका, लेकरं, म्हातारे. आणि त्यांच्यासाठी डाळ ढवळायला गेलेला कुमुदचा नवरा, भास्कर.

त्याला तिनंच धाडलं होतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून सकाळचा पेपर दुपारपर्यंत वाचायचा माणूस. "लोकं उपाशी हायेत अन् तुम्ही राशिभविष्य वाचून राहिले," असं ती बोलली, तर दुसऱ्या दिवशी गडी गपचूप पिशवी घेऊन निघाला. आता ते बोलणं तिला घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचत होतं.

कलेक्टर कचेरीत कळवून झालं होतं. बचावपथक निघालंय म्हणाले, पण वाटेत रस्त्यावर पाणी आहे, वेळ लागेल. उरला होता फक्त रेडिओ. शाळेच्या ओसरीवर सेलवर चालणारा एक रेडिओ दिवसभर चालू असतो, हे कुमुदला माहीत होतं. तिनंच तो दिला होता.

"माइक दे."

लाल दिवा लागला. कुमुदनं श्वास घेतला आणि रोजच्या, ठेवणीतल्या आवाजात सुरू केलं.

"जय जोहार. मैं आपकी कुमुद दीदी. नाले के पास वाली शाला में जो भाई-बहन हैं, वे घबराएँ नहीं, शाला तुरंत खाली करें और टेकरी वाले मंदिर पर चले जाएँ. तालाब का बाँध टूट सकता है."

दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा छत्तीसगढीत. आवाज जरासुद्धा हलला नाही. संकटाच्या वेळी बोलणाऱ्यानं घाबरायचं नसतं, हे तिला प्रशिक्षणात पढवलं होतं, आणि ते तिला छान जमायचं. याच आवाजावर तर सारा रायपूर भाळला होता. पौषातल्या छेरछेऱ्याला दारी धान मागायला आलेल्या पोरांना देता तसे मूठभर तांदूळ या लोकांसाठी द्या, असं तिनं म्हटलं, आणि तेलीबांध्यातल्या रेडिओ केंद्राच्या इमारतीच्या जिन्यात पोती ठेवायला जागा उरली नाही. ते आवाहन रेकॉर्ड करून ठेवलं होतं. पूर आल्यापासून दर थोड्या वेळानं वाजायचं.

तिनं माइक सोडला तोच केंद्राचा फोन वाजला. कुमुदनं झडप घातली.

"दीदी, मैं शारदा, टिकरापारा से. चावल कहाँ जमा करना है? अभी आप बोल रही थीं ना."

"शारदा, मी आता काय बोलली? काय ऐकलं तू?"

घाईत ती मराठीतच बोलली, पण शारदाला कळलं.

"वही, जो रोज बोलती हैं. शाला के लोगों के लिए मुट्ठी भर चावल दो."

कुमुदनं फोन ठेवला. तोच जय जोहार, तीच कुमुद दीदी, तोच गोड, न घाबरणारा आवाज. एवढ्या दिवसांत लोकांच्या कानाला तो इतका सवयीचा झाला होता की आता तो कुणी ऐकतच नव्हतं. शाळेत तर आणखीच. बायका कांदे चिरत असतील, पोरं दंगा करत असतील, आणि ओसरीवर दीदीची रेकॉर्ड वाजत असेल.

"काकू, फिर से बोलिए ना," देवश्री म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता.

"तेच बोलून काय होते?"

जे रेकॉर्डमध्ये असणं शक्यच नाही असं काहीतरी हवं होतं. कुमुद माइककडे बघत बसली. ते तिला सुचलं आणि सुचताच तिनं पदर मुठीत आवळला.

नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधीच नाही. बँकेतल्या बाबूनं पतीचं नाव विचारलं की ती आधार कार्ड पुढे सरकवायची. देवश्री यावरून तिची टिंगल करायची आणि तीही हसायची. पण सासूबाई सांगून गेल्या होत्या, बाईनं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं. हे खोटं आहे हे कुमुदला चांगलं ठाऊक होतं. तरी तिला भीती वाटायची. आज तर फारच वाटली.

तिनं माइक जवळ ओढला. जय जोहार नाही, काही नाही.

"भास्कर."

काचेपलीकडे देवश्रीनं मान वर केली.

"भास्कर, उठा तिथून. अहो, ती डाळ राहू द्या. बांध फुटून राहिला. साऱ्यायले घेऊन टेकरीवर जा. भास्कर, मले लय भेव लागून राहिलं. ऐका माझं. उठा."

आवाज चिरकला, फाटला. तिनं तो सावरला नाही. घसा बसेपर्यंत ती तेच बोलत राहिली, मराठीत, हिंदीत, जसं तोंडाला येईल तसं, आणि दर वेळी आधी नाव. नंतर देवश्रीनं आत येऊन तिच्या हातातून माइक सोडवला आणि स्वतः बोलायला लागली.

कुमुद खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली तेलीबांधा तलावाकाठच्या रस्त्यावर गाड्या नेहमीसारख्या चालल्या होत्या. एवढ्या वेळा नाव घेतलं, एवढ्या वेळा, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं.

फोन वाजला तेव्हा तिला उचलवेना. देवश्रीनं उचलला, ऐकला आणि तिच्या कानाशी धरला.

"हॅलो, मी बोलून राहिलो. टेकरीवर एकाचा फोन लागला."

भास्करचाच आवाज. कुमुदनं फोन देवश्रीच्या हातातून ओढून घेतला.

"सारे हायेत?"

"सारे हायेत. शाळा गेली. आता नुसतं छप्पर दिसते."

"तुम्ही ऐकलं ना माझं?"

"खरं सांगू का, मी नाही ऐकलं. रेडिओ चालू होता, पण मले वाटलं तुझी रेकॉर्डच हाय. मी आपला डाळीपाशी. तिथं कांदे चिरत होती त्या कांताबाईनं येऊन माझ्या हातातली पळी हिसकली. म्हणे, दीदी ह तुंहर नाव ले डारिस, कुछु अलहन हे, उठव. दीदीनं नवऱ्याचं नाव घेतलं म्हणजे काहीतरी इपरीत हाय. साऱ्या बायका कांदे टाकून उठल्या, लेकरं उचलली अन् निघाल्या. माणसं इचारत बसली काय झालं, काय झालं. बायकायले काही इचारा लागलं नाही."

कुमुदच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्या बायकांपैकी एकीनंही आपल्या नवऱ्याचं नाव कधी घेतलं नसेल.

"खरंच घेतलं का वं?" भास्करनं विचारलं.

"हव."

"मंग एकदा घे ना. मीनं ऐकलंच नाही."

तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"आधी घरी या," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत या."