मंगलीबाईची मूळ फाईल

लोक मले म्हणते, भूपेशभाऊ, तुमी त्या म्हातारीचं नाव केलं. मी गप ऐकून घेतो. मी काय केलं ते मले ठाऊक आहे, अन् आता तुमाले सांगतो. मधात हटकू नका.

मी वडशाचा. नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतो, हिवाळाभर या गावाहून त्या गावाले. निकेश आमचा ढोलकीवाला. दोन हजार पाचात तो नागपूरले एका स्टुडिओत कामाले लागला. मले वाटलं, संपली आमची जोडी. पण त्याचं डोकं मोठं चालू. फोनवर म्हणे, "तू तिथी वाजव, मी इथी वाजवतो. फाईल मेलनं इकडून तिकडं पाठवू. आठ गाण्याची सीडी करू, आपल्या झाडीपट्टीची."

"बाप्पा, मले तर माउस धरता येत नाई," मी म्हटलं.

"शिकशीन," म्हणे.

शिकलो. बिरजू माझ्या शाळेतला दोस्त, त्याचं बसस्टँडजवळ नेट कॅफे होतं. कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर त्यानं मले देऊन टाकला, हेडफोन अन् माइक मी आणला. गाणं एक अन् वाजवणारे दोन शहरात, म्हणून निकेशनं नियम लिहून पाठवले होते. गाण्याच्या आधी चार टिचक्या मारायच्या, म्हणजे त्याची ढोलकी माझ्या ऑर्गनवर बरोबर बसते. फाईलच्या नावात गाणं, माणूस अन् तारीख. काय बदललं ते मेलमध्ये दोन ओळीत. अन् सगळ्यात खाली, जाड अक्षरात: मूळ फाईलले हात लावू नको. कॉपी काढ, तिच्यावर काय ते धिंगाणे घाल, मूळ तसंच राहू दे. तो कागद मी ऑर्गनच्या झाकणाले चिकटवला. पण मनात म्हटलं, नागपूरले जाऊन पोट्टा लई शहाणा झाला.

सात गाणे झाले. आठवं पाहिजे होतं.

त्या साली दिवाळीनंतर धानोऱ्याकडच्या एका गावी मंडई, म्हणजे जत्रा होती, अन् आमचं नाटक लागलं होतं. दुपारी आमी पेटारे उतरवून राह्यलो, तर चार घरं सोडून एक बाई सुपात धान पाखडता पाखडता गाऊन राह्यली. गोंडीत. मले शब्द एक नाई समजला, पण हातातली दोरी हातातच राह्यली. ती मंगलीबाई. तिची पोरगी दुर्गा बाजूले बसून होती. दुर्गा लहानपणापासून आश्रमशाळेत शिकलेली, आता कुरखेड्याले एका वसतिगृहात स्वयंपाक करते, मराठी चांगली बोलते.

गाणं नव्या धानाचं होतं. त्यांच्या घरची रीत अशी, की नवा भात खायच्या दिवशी घरातली सगळ्यात मोठी बाई हे गाणं म्हणते. मधात थांबते अन् घरातल्या गेलेल्या माणसाचे नावं घेते, एकेक करून. एका नावाले एक पान, पानावर मूठभर नवा भात. मंग गाणं पुढं.

मी रेकॉर्डिंगचं काढलं, तर दुर्गालेच जास्त घाई. म्हणे, "मी बारा वर्सं शाळेत होतो भाऊ, मले हे काईच येत नाई. मायच्या मांगं मलेच म्हणावं लागन. तुमच्या कॉम्प्युटरमधी राह्यलं तर मी ऐकून शिकीन."

मंगलीबाई गोंडीत काहीतरी बोलली. दुर्गानं सांगितलं, "माय म्हणते, गाणं पुरं ठेवजा. नावं गाळू नका."

"हाव," मी म्हटलं. किती सोपा असते तो शब्द.

आठ दिवसांनी दोघी सकाळच्या बसनं वडशाले, बिरजूच्या कॅफेत आल्या. मंगलीबाईनं हेडफोन डोक्यावर घातला नाई, हातात धरून कानाले लावला. मी चार टिचक्या मारल्या अन् तिनं गाणं उचललं. एकदाच म्हटलं. असं म्हटलं की बिरजू काउंटर सोडून मांगं येऊन उभा राह्यला. मधात ती थांबली, डोळे मिटले, नावं घेतले, सावकाश, प्रत्येक नावानंतर श्वास. मंग पुढं. मी त्यायले चहा पाजला अन् बसमध्ये बसवून आलो.

दुसऱ्या दिवशी बिरजूकडंच मी गाणं ऑर्गनवर बसवायले घेतलं अन् तिथीच घोळ झाला. गाणं तालात होतं, नावं तालात नव्हते. तितका वेळ ढोलकी काय करन, ऑर्गन काय करन? आता आमच्या नाटकवाल्यायची खोड समजून घ्या. स्टेजवर नट वाक्य विसरला, पडदा अडकला, काही झालं, की ऑर्गनवाल्यानं जागा भरायची. जागा खाली राह्यली की मागचे लोक उठून चहाले जाते. वीस वर्सं मी हेच केलं, खाली जागा दिसली की बोटं आपोआप चालते. नावाच्या मागं मी सूर लावून पाह्यले. पुन्हा लावले. नावंच मधात येऊन राह्यले, असं मले वाटलं. खरं सांगतो, असंच वाटलं.

अन् अडीचले लाईन जायची. भारनियमन. दोन वाजून वीस झाले होते. मी नावं निवडले, कापले, दोन कडवे जोडले. जोड असा लागला की कुणाले कळन नाई. मी खुश. कॉपी काढायची राह्यली होती. म्हटलं, आता कुठी वेळ, अन् सेव्ह दाबलं. त्याच नावावर. लाईन गेली.

निकेशले फाईल पाठवली, खाली दोन ओळी लिहिल्या: आवाज साफ केला. त्याचं उत्तर आलं, "मधात जोड वाटते. मूळ पाठव."

मी लिहिलं, "हेच मूळ."

तो माझा पहिला खोटेपणा. त्यानं विश्वास ठेवला. काऊन नाई ठेवणार, दहा वर्साची संगत.

सीडी निघाली. वडशात, आरमोरीत, प्रत्येक चहाच्या टपरीवर आठवं गाणं वाजे. सीडीवर मंगलीबाईचं नाव पहिलं टाकलं होतं, त्याचाही मले मोठा गर्व. एक सीडी तिच्या गावी पाठवली. पण तिच्या घरी वाजवायले काही नव्हतं, हे मले तवाच ठाऊक होतं.

पुढच्या पावसाळ्यात तापानं मंगलीबाई गेली. मले तीन महिन्यांनी कळलं, तेही दुर्गा दारात उभी राह्यली तवा. धान निसवलं होतं, लोंब्या भरत आल्या होत्या. ती म्हणे, "भाऊ, पंधरा दिवसांनी नवं खानं आहे. मायचं गाणं ऐकवा मले. नावं लिहून घेतो." हातात शाळेची वही, नवी कोरी.

मी तिले आत बसवलं. बायकोनं पानी दिलं. मले वाटलं, जमीन फाटावी. तरी मी सीडी लावली, हेडफोन दिला. काऊन लावली, मलेच माहीत नाई. वाटलं असन, आवाजातच ती रमून जाईन.

आवाज ऐकला अन् तिच्या डोळ्यातून पानी आलं. वही उघडी, पेन तयार. गाणं त्या जागेवर आलं अन् पुढं निघून गेलं. तिनं मायकडं पाहावं तसं सीडी प्लेयरकडं पाह्यलं.

"नावं कुठी गेले?"

"ते सीडीत नाई बसत होते," मी म्हटलं. "मूळ फाईल बिरजूकडं होती. पण त्याचा कॉम्प्युटर खराब झाला. व्हायरस. सगळं गेलं."

हा दुसरा. तोंडातून असा निघाला की मले माझाच धाक वाटला.

"हाव काय," ती म्हणाली. चप्पल घातली अन् गेली. मले सुटल्यासारखं झालं, लाज वाटते सांगायले.

अर्ध्या तासानं परत आली. ती बिरजूकडं गेली होती, खराब झालेला कॉम्प्युटर नागपूरले नेऊन दुरुस्त करता येते का, हे विचारायले. आपल्या पगारातून करीन म्हणे. बिरजूनं सांगितलं, बाई, तो कॉम्प्युटर एक दिवस बंद नाई पडला. त्यानं बिचाऱ्यानं फाईल शोधूनही दिली, ऐकवलीही. तिच्यातही नावं नव्हते.

दुर्गा दारातच उभी राह्यली. "तुमीच कापले."

"हाव."

"अन् खोटं बोलले."

"हाव."

मले वाटलं, आता शिव्या देईन. दे म्हटलं मनात, दे वो बाई, मले बरं वाटन. तिनं नाई दिल्या. आत येऊन बसली.

"कापाच्या आधी तुमी ऐकले असान."

"वीस-पंचवीस वेळा." कापायचं तर ऐकावंच लागते. कुठी श्वास आहे, कुठी घसा खाकरला, ते सगळं मी पाह्यलं होतं.

"मंग एखादं सांगा ना. जितके आठवन तितके."

मी डोळे मिटले. तिचा श्वास आठवला. आवाज कुठी खाली जाते ते आठवलं. नाव एक नाई आठवलं. मी ते नावं म्हणून ऐकलेच नव्हते. मी मान हलवली. पंचवीस वेळा ऐकून एक नाव नाई, थू माझ्या कानावर.

"आमाले नऊ येते," ती म्हणाली. "मी, काका, मावशी, सगळे बसलो अन् जमवले. नऊच जमले." मंग म्हणे, "किती वेळ होता तो? कापला तो?"

हे मात्र मले पक्कं ठाऊक होतं. "चाळीस सेकंद."

"घड्याळ पाहा," ती म्हणाली. तिनं डोळे मिटले अन् नावं घेतले, मायसारखे, प्रत्येक नावानंतर श्वास घेऊन. जंगू. सोमारी. बुधू. असे नऊ. मी काट्याकडं पाहून राह्यलो. बायको सैपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"किती झाले?"

"अठरा."

ती माझ्याकडं पाहत राह्यली. जन्मभर मात्रा मोजणारा माणूस मी, मले हिशेबाले वेळ लागला नाई. नावाले दोन सेकंद. चाळीसातून अठरा गेले, बावीस राह्यले.

"अजून अकरा असन," मी म्हटलं.

"अकरा," ती म्हणाली. वही मिटली, थैलीत टाकली. उठली नाई.

"अकरा पानं मांडीन मी," ती म्हणाली. "पण भाऊ, कोनाले बोलवू?"