तुलनेसाठी एक मूल

माझ्या धाकट्या जावेला एचआयव्ही आहे. दीर तो तिच्या पदरात टाकून गेला, आणि ती रोज सकाळी आठच्या ठोक्याला गोळी घेऊन ठणठणीत जगते आहे. तिच्या मुलीला, ठकीला, लागण नाही. तीनदा तपासून झालं. घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मी सांगेपर्यंत.

आम्ही दोघी शर्टांच्या एकाच कारखान्यात. मी काजांच्या मशीनवर, ती दोरे कापायला. माझा बाबू आणि तिची ठकी एका वयाची, एकाच वर्गात. ठकी पहिली यायची, बाबू चौथा. बिनबापाची पोर म्हणून बाई सढळ हाताने मार्क देतात, असं माझं मत होतं, आणि ते मी जेवताना सगळ्यांदेखत बोलून दाखवायची. संध्याकाळी ठकी धडा मोठ्याने वाचायची, बाबू शेजारी लोळत ऐकायचा आणि ऐकून घडाघडा म्हणून दाखवायचा. माझ्या लेकाला पुस्तकात डोकं घालावंच लागत नाही, म्हणून मी हुरळून जायची.

मग दवाखान्यातून एक चाचणीवाली आली. अशा आयांची मुलं अभ्यासात कशी निघतात, हे त्यांना बघायचं होतं. काही मागे पडतात म्हणे. तुलनेसाठी निरोगी आईचं एक मूल हवं होतं. "सारखं घर, सारखं जेवण, सारखी शाळा असेल तर उत्तमच," ती म्हणाली. मी बाबूला नवा शर्ट घालून पाठवला. एकदा काय तो सोक्षमोक्ष लागू दे, म्हटलं.

महिन्याने दोन पाकिटं तयार झाली. धाकटी तापाने झोपली होती, म्हणून मीच आणायला गेले. पाकिटांवर नावं नव्हती, नुसते नंबर: सतरा-क आणि सतरा-ख. कुठला कुणाचा ते चाचणीवाली सांगत होती, पण माझं लक्ष घड्याळाकडे, कारखान्यात अर्धा दिवस कापतील म्हणून. जिन्यातच मी दोन्ही पाकिटं फोडली. एका कागदावर लिहिलं होतं, मूल वयाच्या दोन वर्षं पुढे आहे. दुसऱ्यावर, ऐकलेलं लक्षात राहतं पण वाचन फार कच्चं आहे, शाळेने जादा मदत द्यावी. कुठलं कुणाचं, यात मला विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

चांगला कागद आमच्या ह्यांनी तीनदा वाचला आणि कपाटात ठेवला. दुसरा घेऊन मी शाळेत गेले. निवडक वर्गाची यादी त्याच आठवड्यात लागायची होती. प्रत्येक वर्गातून तीन मुलं घेतात. चौथ्याला कुणी विचारत नाही.

"यावर नाव नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"गुप्त असतं ते. नंबरच देतात. तिच्या आईला एचआयव्ही आहे ना."

बाईंनी टेबलावरचा हात मागे घेतला. कागद तसाच पडून राहिला.

"पण मुलगी तर पहिली येते."

"शेजारी माझा बाबू बसतो ना तिच्या," मी म्हटलं. "मी सख्खी काकू आहे तिची. पोरीच्या भल्यासाठीच सांगतेय."

यादीत बाबू तिसरा लागला. ठकीला जिन्याखालच्या मदतीच्या वर्गात बसवलं. तिथे वेगळा बाक, वेगळा पेला. मणी रंगाप्रमाणे लावायचे, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बाई तिची वही स्वतः हातात धरत नसत, दुरूनच तपासत.

धाकटी माझ्यापाशी येऊन रडली. "ताई, माझ्यामुळेच झालं ना हे? माझंच रक्त भोवलं तिला."

"आता रडून काय होणार?" मी म्हटलं आणि तिला पाणी दिलं. मनातून मला बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू?

वर्षाने पुन्हा चाचणी होती. धाकटीची कारखान्यात दिवसपाळी होती, म्हणून दोन्ही मुलांना मी नेलं. बाबू आत गेला तो रडत बाहेर आला. निवडक वर्गात त्याला वाचून दाखवायला कुणी नव्हतं, आणि वर्षभर तो तळाशी होता. मला वाटायचं, नजर लागली.

चाचणीवाली माझ्याशेजारी येऊन बसली. "मागच्या वर्षी याला शाळेने मदत द्यावी, असं आम्ही लिहिलं होतं. दिली नाही का त्यांनी? सतरा-ख. हुशार आहे मुलगा, पण अक्षरं जुळत नाहीत त्याची. वेळेवर मदत मिळाली असती तर सुधारला असता."

तोच कागद मी ठकीचा म्हणून शाळेत दिला होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

मग ठकी आत गेली. बाहेर आली तेव्हा चाचणीवालीचा चेहरा पडला होता. "ही केवढी पुढे होती," ती म्हणाली. "आता प्रत्येक उत्तराआधी विचारते, 'सांगू का?' विचारण्यातच वेळ संपतो, आणि वेळ तर मोजावाच लागतो." तिने पेनाचं टोपण काढलं. "वर्षभरात काही बदललं का? घर, शाळा, वर्ग?"

एक शब्द पुरला असता. तो बोलले असते तर ठकी वर आली असती, बाबू जिन्याखाली गेला असता, आणि घरात मी कुणाला तोंड दाखवलं असतं?

"नाही," मी म्हटलं. "सारखं घर, सारखं जेवण, सारखी शाळा."

तिने मान हलवली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: आईचा आजार. "आम्हाला अंदाज होताच," ती हळूच म्हणाली. "अशा मुलांचं पुढे असं होतं."

परतताना बाबू एका दुकानापुढे थांबला. काचेवर लांबलचक पाटी होती. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. ठकीने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि अख्खी पाटी वाचून दाखवली, एका दमात, कुणाला काही न विचारता. एकही अक्षर चुकलं नाही. मी मागेच उभी होते.

"तू गप्प बस," मी तिला म्हटलं. "त्याचं त्याला वाचू दे."

ती लगेच गप्प झाली. बाबूने पहिलं अक्षर लावलं, मग सोडलं, मग पुन्हा लावलं. दुकानदाराने शटर ओढलं तरी आम्ही तिघं तिथेच उभे होतो.