टॉसच्या आधी आभारप्रदर्शन

युरोपात क्रिकेट वाढतंय हे जगाला दाखवायला युरोपातल्या सहा संघांना सिंगापूरला यावं लागलं, कारण मार्च महिन्यात त्यांच्या स्वतःच्या मैदानांवर बर्फ होता. २०१९ सालची गोष्ट. स्पर्धा वीस-वीस षटकांची आणि संघ म्हणे उदयोन्मुख. त्यातल्या एका कॅप्टनचं वय सेहेचाळीस होतं, तेव्हा उदय जरा निवांतच चालला होता. एस्टोनियाच्या संघात चार पंजाबी, दोन तेलुगू, एक ढाक्याचा, एक लंकेचा आणि बायकोच्या गावी स्थायिक झालेला एक ऑस्ट्रेलियन असा सगळा युरोप एकवटला होता. दोन अस्सल एस्टोनियन मुलंही होती. ती बिचारी "छोड, छोड" आणि "पीछे देख" एवढं शिकून आली होती.

आणि बारावा खेळाडू माझा धाकटा भाऊ शैलेंद्र. वय त्रेचाळीस, शिक्षण पुण्यात, नोकरी नऊ वर्षं एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनला, डावा गुडघा अधूनमधून रजेवर.

शैलेंद्र लहानपणापासून राखीव आहे. शाळेत राखीव, कॉलेजात राखीव, कंपनीच्या संघातही राखीव. पाण्याच्या बाटल्या मैदानात नेण्याचा त्याच्याइतका अनुभव आशिया खंडात कुणाला नसेल. टालिनला हिवाळ्यात बंद हॉलमध्ये, प्लास्टिकच्या गवतावर तो आठ वर्षं सराव करत राहिला. त्याच वर्षीपासून अशा छोट्या देशांच्या सामन्यांनाही आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला होता, आणि संघाच्या सलामीच्या फलंदाजाचं विमान एक दिवस उशिरा पोहोचणार होतं. म्हणजे शनिवारी दुपारी दोन वाजताचा एकच सामना शैलेंद्रच्या वाट्याला येत होता. रविवारपासून पुन्हा बाटल्या.

तो सिंगापुरात आमच्याच घरी, बिशानला उतरला होता. शनिवारी सकाळी पोहे खाताना त्याने मला नियम समजावून सांगितला. टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टन अकरा नावांचा कागद देतात. एकदा नाणं पडलं की सामना झाला असं धरतात. मग पाऊस पडो नाहीतर मैदान खचो, त्या अकरा जणांच्या नावावर एक आंतरराष्ट्रीय सामना लागतो, कायमचा.

"मला बॅटिंग नाही मिळाली तरी चालेल, ताई," तो म्हणाला. "नुसता टॉस झाला तरी पुरे."

माझी मुलगी क्षिप्रा पंधरा वर्षांची. तिने मोबाइलवरून मान वर न करता सिंगापुरी इंग्रजीत शंका काढली, "बट मामा, यू कान्ट ईव्हन स्पीक एस्टोनियन, लाह." शैलेंद्रने तिला दोन वाक्यं म्हणून दाखवली. ती एस्टोनियनच असावीत, तपासणार कोण?

आता आमच्या मंडळाचा यात काय संबंध, ते सांगते. बिशान-तोआ पायोह मराठी स्नेहसंवर्धन मंडळाचा अध्यक्ष माझा नवरा निशिकांत. स्पर्धेच्या आयोजकांना पाणी, केळी आणि खुर्च्या हलवायला माणसं हवी होती. तशी दोन ओळींची ईमेल त्यांनी पाठवली. निशिकांतने ती वाचली आणि आपण स्पर्धेचे यजमान आहोत असं ठरवून टाकलं. ऑफिसात तो प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तिथे अर्ध्या तासाची मीटिंग एकोणतिसाव्या मिनिटाला संपवतो, म्हणून त्याचं कौतुक होतं. उरलेलं सगळं तो मंडळात येऊन बोलतो.

त्याने सामनाधिकाऱ्याला गाठलं. तो उंच, अतिशय सभ्य डच गृहस्थ होता. शनिवारच्या दुपारच्या सामन्याआधी छोटासा स्वागत समारंभ आणि मग प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते टॉस, अशी निशिकांतची योजना होती. ही आमची परंपरा आहे, असंही त्याने सांगून ठेवलं. परंपरेपुढे सभ्य माणसाचं काय चालणार? पंधरा मिनिटं मिळाली, पावणेदोन ते दोन.

पंधरा मिनिटांत मराठी कार्यक्रम. ऐकूनच मला हसू आलं होतं, पण मी बोलले नाही. कारण सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. बँकेत मी कंप्लायन्सला आहे, दिवसभर लोकांना "हे नियमात बसत नाही" असं सांगायचा पगार घेते. पण हातात माइक आणि अंगावर नवी इरकल असली की माझंही डोकं जरा बाजूला जातं. खोटं कशाला बोलू?

प्रमुख पाहुणे संजीव सर सिंगापूरच्या पश्चिम टोकाहून, तुआसहून यायचे होते. त्यांचा तिथे पाइपांचे सांधे बनवायचा कारखाना आहे आणि बर्फाच्या सहा पेट्या त्यांनी दिल्या होत्या. ते दोनला पाच मिनिटं कमी असताना आले आणि आल्या आल्या म्हणाले, फार वेळ घेणार नाही. हे वाक्य ऐकलं की मी घड्याळ बघायचं सोडून देते.

समई पेटेना, कारण वारा सुटला होता. वारा का सुटला आहे, हा विचार कुणीच केला नाही. छत्री आडवी धरून समई पेटवली. मग सहा संघांच्या सहा कॅप्टनांना शाल आणि नारळ. छत्तीस अंशांच्या उकाड्यात लोकरीची शाल अंगावर घेऊन ते सहा जण रांगेत उभे राहिले. एस्टोनियाच्या कॅप्टनच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात अकरा नावांचा कागद आणि बगलेत निळी टोपी होती. ती टोपी शैलेंद्रची. टॉस झाला की सगळ्या संघासमोर तो ती त्याला देणार होता.

मी संजीव सरांचा परिचय करून दिला. तो मीच लिहिला होता आणि चांगला लिहिला होता. सर बोलायला उठले. क्रिकेट आणि पाइपांचे सांधे यांत टीमवर्क कसं सारखंच लागतं, हे त्यांनी सतरा मिनिटं उलगडून सांगितलं. सामनाधिकारी एकदा मंचाजवळ येऊन घड्याळावर बोट ठेवून गेला. निशिकांतने त्याला हसून नमस्कार केला आणि बसायला खुर्ची दिली.

सीमारेषेपाशी शैलेंद्र पॅड बांधून उभा होता. बॅट बगलेत, नजर माझ्याकडे. त्याच्या मागे तुआसच्या बाजूला आभाळ काळं झालेलं मला स्पष्ट दिसत होतं. सर थांबले तेव्हा दोन वाजून चौतीस मिनिटं झाली होती. पिचपर्यंत चालत जायला दोन मिनिटं, नाणं उडवायला अर्धं.

निशिकांतने माझ्या हातात आभाराची यादी दिली. सत्तावीस नावं.

आता इथे मंडळाबाहेरच्या माणसाला वाटेल, की ठेवायची ती यादी खिशात. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळी पहाटेला आभारात साधनाताईंचं नाव राहिलं होतं. त्यांनी रांगोळी काढली होती. त्या दिवसापासून साधनाताई आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टने येत नाहीत, मी भेटेन म्हणून जिन्याने येतात. त्यांचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे. आमच्यात एखाद्याला जेवायला बोलावलं नाही तर तो विसरतो, आभारातून गाळलं तर नाही. सत्तावीसच्या सत्तावीस जण समोर खुर्च्यांवर बसून आपापल्या नावाची वाट बघत होते.

मी वाचायला सुरुवात केली. केळ्यांचे आभार, खुर्च्यांचे, माइकवाल्याचे, छत्री आडवी धरल्याबद्दल उल्का आणि त्यांच्या यजमानांचे. प्रत्येक नावाला टाळ्या. मी भरभर वाचायचा प्रयत्न केला, पण टाळ्या भरभर वाजत नाहीत. विसाव्या नावाला मी वर पाहिलं. शैलेंद्र आता सीमारेषेच्या आत चार पावलं आला होता आणि हाताने मला खूण करत होता, की आटप. मी पाहिलं आणि एकविसावं नाव वाचलं.

चोविसाव्या नावाला विजेच्या धोक्याचा भोंगा वाजला.

सिंगापुरात तो भोंगा वाजला की मैदानावर कुणीही थांबत नाही, तिथे कसलीच परंपरा चालत नाही. सामनाधिकाऱ्याने दोन्ही हात वर करून सगळ्यांना आत जायला सांगितलं. एस्टोनियाचा कॅप्टन शाल डोक्यावर घेऊन धावला. कागद त्याच्या हातातच राहिला. पुढच्या पाच मिनिटांत पाऊस असा कोसळला की समोरचा साइटस्क्रीनचा पांढरा पडदाही दिसेना.

पावणेपाचपर्यंत आम्ही तंबूत बसून होतो. शैलेंद्रने पॅड सोडले नव्हते. दर दहा मिनिटांनी तो सामनाधिकाऱ्याकडे जाऊन, निदान टॉस तरी करता येईल का, असं विचारून येत होता. आणि तो सभ्य माणूस दर वेळी तितक्याच सभ्यपणे सांगत होता, की खेळ होण्याची शक्यता असल्याशिवाय टॉस करता येत नाही. सहाला मैदान सोडायचं होतं. शेवटी सामना रद्द झाल्याचं जाहीर झालं. टॉस न होता रद्द, म्हणजे तो सामना कुणाच्याच नावावर नाही. शैलेंद्र खाली बसला आणि पॅडचे पट्टे सोडायला लागला. डाव्या पायाचा पट्टा सुटेना. मी वाकून सोडवला. मला इतकी लाज वाटत होती की त्याच्या तोंडाकडे बघवेना.

कॅप्टनने टोपी देऊ केली. शैलेंद्र नको म्हणाला. खेळलेल्यालाच टोपी मिळते, नियम आहे, असं त्याने उलट कॅप्टनलाच समजावलं.

रात्रीच्या जेवणाला निशिकांत खुशीत होता. पाऊस आपल्या हातात नाही, पण कार्यक्रम कसा आटोपशीर झाला, हे त्याने दोनदा सांगितलं. मग शैलेंद्रचं तोंड पाहून त्याला एक कल्पना सुचली. समारोपाच्या दिवशी मंडळातर्फे शैलेंद्रचा सत्कार करायचा, शाल, नारळ आणि मानपत्र. आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटू असं त्यावर लिहायचं. मानपत्र अर्थात सुलेखा, म्हणजे मी, वाचणार.

"मी वाचणार नाही," मी म्हटलं. "ते खोटं आहे. आणि खोटं आपल्यामुळे आहे."

"निशिकांतराव," शैलेंद्र शांतपणे म्हणाला, "सत्कार राहू दे. फार वेळ जातो."

निशिकांतला ते लागलं नाही. त्याने आमटी वाढून घेतली आणि वेळेचं नियोजन या वेळी कसं चोख करता येईल, ते सांगायला लागला. सत्कार मात्र झाला नाही. उरलेले चार दिवस शैलेंद्रने बाटल्या नेल्या आणि पुढच्या शनिवारी तो टालिनला परत गेला. विमानतळावर त्याने मला नेहमीसारखा वाकून नमस्कार केला. कशाबद्दलही बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

मंडळाच्या फेसबुक पानावर त्या न झालेल्या सामन्याचे एकशे चौदा फोटो आहेत. जे सामने खरोखर झाले, त्यांचा एकही नाही. पंधरा दिवसांनी शैलेंद्रचा फोन आला. त्याने ते सगळे एकशे चौदा पाहिले होते. एकसष्टाव्या फोटोत संजीव सर भाषण करतायत आणि त्यांच्या खांद्यामागे लांब, सीमारेषेवर तो उभा आहे, एस्टोनियाच्या निळ्या कपड्यांत, पॅड बांधून.

"ताई, त्यातून संजीव सरांना काढता येईल का?" त्याने विचारलं. "घरात लावीन म्हणतो."

मी बसले कॉम्प्युटरवर. क्षिप्रालाही बसवलं, तिला हे जास्त कळतं. सगळ्या बाजूंनी कापून पाहिलं. पण सर मध्येच हात उंचावून उभे आहेत. त्यांना काढलं की शैलेंद्रची बॅट जाते आणि अर्धा चेहराही.